42 नंबरची तार

दुकानात 42 नंबरची तार आधीपासून पडून होती, सगळा घोळ तिथूनच झाला.

इचलकरंजीत माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं झाली. मागाच्या मोटरी, विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरण्या, छताचे पंखे, हे आमचं रोजचं काम. त्यामुळे बेस गिटार घरी बनवायची असं ठरलं तेव्हा लाकूडकामाची धास्ती होती, फ्रेटची, म्हणजे दांडीवरच्या पडद्यांची होती, रंगाची होती. पिकअपची मात्र अजिबात नव्हती. पिकअप म्हणजे काय, तर गिटारच्या तारेची थरथर विजेत उतरवायला चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. आयुष्यभर दुसरं केलंय काय?

जिथं वाचाल तिथं एकच लिहिलेलं असतं: फेंडर या अमेरिकन कंपनीच्या गिटारींच्या पिकअपला 42 गेजची एनॅमल वायर. फळीवर 42 नंबरचं रीळ होतंच, छोट्या ट्रान्सफॉर्मरसाठी आणून ठेवलेलं. लगेच मशीनला चढवलं. बॉबिन काठोकाठ भरली, काउंटर बघितला तर साडेतीन हजार टर्न. आठ-नऊ हजार तरी बसायला हवे होते. मीटर लावला. आठशे ओहम. पाच हजारांच्या पुढं हवे होते. मी मीटरचा सेल बदलून बघितला. आठशेच.

अमेरिकेचं 42 वेगळं आणि आपलं 42 वेगळं. त्यांचं एडब्ल्यूजी, म्हणजे 0.063 मिलिमीटर. आपल्या तारेच्या दुकानांत अजून इंग्रजांच्या वेळचं एसडब्ल्यूजी चालतं, त्यात 42 नंबर म्हणजे 0.1 मिलिमीटर. मला हवी होती ती आपल्या हिशेबानं 46 नंबरच्या आसपासची. सत्तावीस वर्षं तारेवर पोट भरणाऱ्या माणसानं ही चूक करावी! दुकानातल्या पोरानं दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर ही बातमी पोचवली. अजून तिथं कुणी ना कुणी विचारतं, "मालक, कुठलं बेचाळीस?"

पण हे मधूनच सांगितलं. सुरुवात त्याच्या फार आधीची.

1990 च्या दशकात मी एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो. गणपती, नवरात्र, मग लग्नसराई. बेस माझा नव्हता, ऑर्केस्ट्राच्या मालकांचा. कार्यक्रम संपला की तो खोक्यात बंद होऊन टेम्पोत चढायचा आणि मी पहाटेच्या एसटीनं घरी. वाजवून वाजवून बोटांना घट्टे पडले, पण 'माझा बेस' असं कधी म्हणता आलं नाही. पुढं लग्न झालं, दुकान टाकलं, ऑर्केस्ट्रा सुटला. घट्टेही गेले. त्या जागी सोल्डरिंगचे चटके आले.

दोन वर्षांपूर्वी पोरीनं फोनवर काहीतरी ऐकवलं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीतल्या जुन्या रेकॉर्डिंगमधला फक्त बेस वेगळा काढलेला. वाजवणारा जेम्स जेमर्सन. त्याच्याबद्दल वाचत गेलो. हा माणूस उजव्या हाताच्या एकाच बोटानं, तर्जनीनं, सगळं वाजवायचा. त्या बोटाला लोक 'हूक' म्हणायचे. बेस 1962 चा फेंडर प्रिसिजन. तारा जाड, चपट्या गुंडाळीच्या, वर्षानुवर्षं न बदललेल्या. ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या घोडीवर, स्टीलचं झाकण, झाकणाखाली फोमचा तुकडा, म्हणून तारेचा आवाज लांबत नाही, 'धुप्' करून जागेवर बसतो. हा आवाज मी ओळखत होतो. हिंदी गाण्यांत, जुन्या कॅसेटींत, तोच 'धुप्' ऐकत मोठा झालो होतो, फक्त तो कशातून येतो ते ठाऊक नव्हतं.

किमती बघितल्या. 1962 चा अस्सल बेस म्हणजे घर विकायचं काम. नवा अमेरिकन घ्यायचा तरी दोन लाखांच्या घरात. बायको म्हणाली, "अहो, दोन लाखांत वाइंडिंगचं नवं मशीन येईल." येतं खरं.

मग एके रात्री प्रिसिजनचा उघडलेला फोटो बघितला. पिकगार्ड, म्हणजे वरची प्लास्टिकची पट्टी, काढलेलं, आत दोन पॉट, म्हणजे आवाज-टोनची बटणं, एक कपॅसिटर, एक जॅक, चार वायरी. नेक, म्हणजे दांडी, चार स्क्रूंवर बसवलेली. डिंक नाही, सांधा नाही. नेक बिघडली, स्क्रू सोडवा, दुसरी लावा. हे वाद्य बनवणाऱ्या कारागिराचं डोकं नव्हेच, हे आमच्यासारख्याचं डोकं आहे असं वाटलं. आणि तसंच निघालं. लिओ फेंडर रेडिओ दुरुस्तीवाला. कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी 1938 साली त्यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. गिऱ्हाइकं ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आणायची, त्यातून गिटारींकडं वळला. गिटार वाजवायला त्याला शेवटपर्यंत आली नाही. 1951 साली त्यानं हा बेस काढला. त्याआधी बँडमध्ये माणसाएवढा उभा डबल बेस असायचा, गाडीत मावत नाही, ड्रमसमोर ऐकू येत नाही, आणि त्याला फ्रेट नसल्यामुळे सूर बोटाच्या अंदाजावर. फेंडरनं फ्रेट ठोकले, सूर नेमका केला, आणि नावच 'प्रिसिजन' ठेवलं. जाहिरातवाल्याचं नाव वाटत नाही ते, फिटरचं वाटतं.

आता कुठल्या सालचा करायचा? पहिला, 1951 चा, दिसायला फार साधा. सपाट फळी, काळं पिकगार्ड, एकच कॉइल. मला तोच आवडला होता. पण एकेरी कॉइलमध्ये आसपासच्या विजेची गुणगुण शिरते, आणि माझ्या दुकानाला तिन्ही बाजूंनी माग आहेत. आपली वीज 50 हर्ट्झची. बेसच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला सूर येतो 49 हर्ट्झ, चौथ्याला 52 च्या जरा आत. म्हणजे आमच्या महावितरणचा सूर बरोबर या दोन फ्रेटांच्या मध्ये बसतो. त्याची दुप्पट 100, तर सगळ्यात बारीक तार मोकळी सोडली की 98. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, त्यांची गुणगुण वेगळ्या सुरात. म्हणजे इचलकरंजीत एकेरी कॉइल लावली तर जन्मभर कुणीतरी शेजारी बसून जरासा बेसूर तंबोरा छेडतोय असं वाटणार.

1957 मध्ये फेंडरनं त्यावर उपाय केला. पिकअपचे दोन तुकडे केले, एक दोन जाड तारांखाली, दुसरा दोन बारीक तारांखाली, जरा पुढंमागं सरकवून. दोन्ही कॉइल अशा जोडायच्या की बाहेरची गुणगुण एकीत अधिक आणि दुसरीत उणे येते, बेरीज शून्य. चुंबकही उलटसुलट ठेवायचे म्हणजे तारेचा आवाज मात्र वजा होत नाही. ही जोडणी मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ठरलं, 1962 चाच.

लाकूड शोधायला लागलो. त्या काळात सनबर्स्ट रंगाच्या बेसची बॉडी आल्डरची असायची, नेक मेपलची. आपल्या वखारीत आल्डर कुठलं! परदेशी ॲश, बीच आता मोठ्या शहरात मिळतं, मागवता आलं असतं. पण मिरज इथून तासाभराच्या आत. सतार-तंबोऱ्याचं गाव. तिथली माणसं दोनशे वर्षांच्या आसपास हेच करतायत, त्यांना विचारल्याशिवाय लाकडाला हात लावणं बरं नाही असं वाटलं.

एका जुन्या कारागिरांकडं गेलो. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. दुकानात छताला भोपळे टांगलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले. फोनवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, म्हणाले, "पाव्हणं, ह्यात पोकळ कुठाय?" पोकळ नाहीच म्हटलं, भरीव आहे, आवाज विजेनं येतो. "मग लाकडाचं काय काम? दगडाचं करा की." हसले आणि आतून तूनची एक फळी घेऊन आले. सतारीच्या दांडीला तून वापरतात. वजनाला बेताचं, रंधा सुरेख घेतं, आणि वर्षानुवर्षं मुरलेलं. टिचकी मारून मला ऐकवली. मला काही कळलं नाही, मान डोलावली. दोन फळ्या दिल्या, पैसे व्यवस्थित घेतले.

निघताना त्यांनी विचारलं, पडदे कसे बांधणार? म्हटलं बांधायचे नाहीत, खाच पाडून ठोकायचे. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, सूर इकडंतिकडं वाटला की सरकवता येतात. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे चुकलं की चुकलं."

हे वाक्य मी घरी येऊन भिंतीवर खडूनं लिहिलं.

बॉडी त्या मानानं सुखरूप झाली. दोन फळ्या जोडल्या, 45 मिलिमीटर जाडी ठेवली, सुताराकडच्या बँडसॉवर बाहेरचा आकार काढला, आतले खड्डे राउटरनं. मागं पोटाला आणि पुढं कोपराला जे उतार असतात ते मी कानस आणि पॉलिश पेपरनं चार रविवार घासून काढले. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही, धूळ मात्र अजून मागच्या खोलीत सापडते.

नेकसाठी हेद घेतलं. हळदू म्हणतात तेच, पिवळसर, बारीक रेघांचं, घट्ट. पूर्वी त्याच्या कापडगिरणीच्या बॉबिनी करायचे, म्हणजे आमच्या गावाला तसं परकं नाही. आणि फ्रेटबोर्डला शिसव. अमेरिकेतल्या कारखान्यात 1962 च्या सुमारास ब्राझीलची शिसवी लागायची, पुढं आपल्याकडचीच लागायला लागली. माझ्याकडं आजीचा शिसवी पलंग होता. मोडलेला, माळ्यावर, सुटा करून ठेवलेला. त्याच्या एका बाजूची लांब पट्टी खाली काढली. आईला विचारलं नाही. रंध्याचा पहिला हात मारला आणि काळपट मेणचटाखालून जांभळी शीर निघाली. सगळ्या दुकानात गोडसर वास. पोरगा म्हणाला, "मालक, कसला वास येतोय, नुसता नाद खुळा."

1959 पासून 1962 च्या मध्यापर्यंत फेंडर फ्रेटबोर्डची जाड, सपाट बुडाची पट्टी लावायचे, नंतर पातळ आणि वाकवलेली. मी जाडच लावली. पलंगाची पट्टी होती, जाडीला काय कमी.

आता फ्रेट. नट, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, तिथपासून ब्रिजपर्यंत 34 इंच, म्हणजे 863.6 मिलिमीटर. ही लांबी 17.817 नं भागायची, आलं ते पहिल्या फ्रेटचं अंतर: 48.47. उरलेली लांबी परत 17.817 नं भागायची, आलं ते पहिल्यापासून दुसऱ्याचं. असं वीस वेळा. बाराव्याला बरोबर निम्मं यायला हवं, 431.8. विसावा 591.58 वर. हिशेब सोपा, आखणी अवघड, कारण प्रत्येक फ्रेट मागच्यापासून मोजला तर केसाएवढी चूक वीस वेळा साठत जाते. सगळे नटपासूनच मोजायचे, पट्टी हलवायची नाही. हॅकसॉचं पातं फार रुंद खाच पाडतं, फ्रेट सैल बसतो. सुताराची बारीक करवत घेतली, तिचे दात दोन्ही बाजूंनी वाकवलेले असतात ते ऐरणीवर हलकेच ठोकून सरळ केले, मग खाच पाऊण मिलिमीटरच्या आत आली. फ्रेट ठोकायला बेअरिंग बसवायची प्लास्टिकची हातोडी. सगळे बसले. भिंतीवरच्या खडूकडं बघितलं, चुकलं नव्हतं.

चुकलं ते आत होतं.

चार तारा सुरात आल्या की नेकवर मिळून 70 ते 75 किलोचा ताण येतो. म्हणजे एक धडधाकट माणूस जन्मभर नेकला लोंबकळून आहे असं समजा. लाकूड पुढं वाकणारच. म्हणून आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. तिच्या टोकाची पेचाची नट आवळली की नेक मागं येते. मी 5 मिलिमीटरची सळई घेतली, टोकाला आटे पाडून आणले, नेकमध्ये सरळ खाच पाडली, सळई टाकली, वर शिसवीची पट्टी चिकटवली. तारा चढवल्या. संध्याकाळपर्यंत नेक केळ्यासारखी. नट आवळली. काही नाही. आणखी आवळली. अजिबात फरक नाही. आणखी आवळल्यावर आटे गेले.

दोन दिवस डोकं चालेना. मग रात्री झोपेत नव्हे, कटिंग मशीनवर उभा असताना कळलं. सरळ सळई मधोमध टाकून ताणली तर ती लाकडाला फक्त दोन्ही टोकांनी दाबते. वाकवणार कशी? तिला आधी वाक हवा. खाच अशी पाहिजे की सळई दोन्ही टोकांना फ्रेटबोर्डाजवळ आणि मधे पाठीकडं खोल. आवळली की ती सरळ व्हायला बघते, मध्यभाग वर ढकलते, आणि नेक मागं येते. 1962 चे फोटो परत बघितले, चित्रात खाच वाकडीच होती. मला ती चित्राची चूक वाटली होती!

पहिली नेक अजून दुकानात खुंटीवर आहे. गिऱ्हाइकं विचारतात हे काय, मी सांगतो वल्हं.

फ्रेटबोर्ड गरम इस्त्रीनं सोडवला, तो वाचला. पलंगाची दुसरी पट्टी कापावी लागली नाही. नवी नेक हेदचीच, वाकडी खाच, वरून हेदचीच वाकडी पट्टी भरून बंद. सळई आता बुडाशी आवळायची, जुन्या फेंडरला असते तशीच. म्हणजे आवळायची तर नेक काढा, पाव फेरा द्या, परत लावा. त्रास आहे, पण नकलेत एवढं तरी खरं असावं.

पिकअपकडं परत येतो, कारण माझा जीव त्यातच होता.

46 नंबरची तार मुंबईहून मागवली, लॅमिंग्टन रोडवरून. रीळ हातात घेतलं तर वजन आहे, पण तार दिसत नाही. उजेडात तिरकं धरलं की केसासारखी चमकते, खरं तर केसापेक्षाही बारीक. आमचं पंख्याचं वाइंडिंग मशीन हातानं फिरवायचं, त्यावर ही तार पहिल्याच झटक्याला तुटली. दुसऱ्यांदा शंभर टर्नला. तिसऱ्यांदा शिंक आली. शेवटी शिलाई मशीनची मोटर आणि पायाचं पेडल जोडलं, रीळ जमिनीवर उभं ठेवलं म्हणजे ते फिरतच नाही, तार वरच्या तोंडातून सुटत येते. बोटांत फेल्टचा तुकडा, त्यातून तार घसरते. ताण किती? हा प्रश्न मला पोरगा रोज विचारायचा आणि मला सांगता यायचं नाही. जास्त झाला की तुटते. कमी झाला की कॉइल फुगते, आठ-नऊ हजार टर्न मावत नाहीत. बोटाला कळतं. मिरजेच्या म्हाताऱ्यांनी फळीवर टिचकी मारली होती ती मला त्या रात्री आठवली.

बॉबिनला वरखाली फायबरच्या पट्ट्या लागतात. फेंडरचे लोक व्हल्कनाइज्ड फायबर वापरायचे. आमच्याकडं मोटरच्या स्लॉटमध्ये घालायला लेदरॉइड पेपर असतो, तो जवळपास त्याच जातीचा माल, फक्त जरा जाड हवा. दोन थर चिकटवले. दोन्ही बॉबिनी मिळून आठ अल्निको चुंबकाच्या कांड्या दाबून बसवल्या, प्रत्येक तारेला दोन, तार दोन कांड्यांच्या मधून जाते. कांड्यांवर टेपचा एक वेढा दिला, नाहीतर चुंबकाच्या धारेवर तार कापली जाते आणि सगळी मेहनत आतल्या आत मरते. हे मात्र मला धंद्यातून आधीच माहीत होतं.

पहिली कॉइल 8,600 टर्न. मीटर: 5.4 किलोओहम. दुसरी 8,600, मीटर: 5.5. दोन्ही सिरीजमध्ये, 10.9. मी पोराला म्हटलं, चहा सांग, दोन स्पेशल.

मग मेण. कॉइलमध्ये सैल टर्न राहिले तर मोठ्या आवाजात ते स्वतःच थरथरतात आणि ॲम्प किंचाळतो. मोटरला आम्ही व्हार्निश पाजतो, ही नाजूक तार म्हणून मेणबत्तीचं मेण, त्यात थोडं मधमाश्यांचं. भांड्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात मेण, सत्तर अंशांच्या आत. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत बुडवून ठेवायचं. डबा बायकोचा होता. शेवयांचा. त्यावर जास्त लिहीत नाही.

पिकगार्डला कासवाच्या पाठीसारखं तपकिरी-लाल प्लास्टिक असतं. माझ्याकडं हायलमची तपकिरी शीट होती, स्टार्टरच्या पॅनेलला वापरतो ती. तीच कापली. जवळून बघितलं तर कळतं. जवळून बघू नका.

ब्रिज 2 मिलिमीटर पत्र्याचा, वाकवून. त्यावरचे चार सॅडल म्हणजे आटे असलेल्या गोल कांड्या. आठ नंबरचा थ्रेडेड रॉड हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळतो, त्याचे चार तुकडे. लेथवाल्यानं विचारलं, "भावा, एवढंच?" एवढंच. आटे असले की तार त्यात आपोआप जागा धरते. ब्रिजखालून एक वायर पॉटच्या पाठीवर. अर्थिंग. अर्थिंगशिवाय मी कुणाचा मिक्सरही परत देत नाही. पॉट दोन, 250 किलोओहमचे. कपॅसिटर 0.1 मायक्रोफॅरडचा. पंख्याला अडीच लागतो, तोंडात तेच बसलेलं, दुकानदाराकडं चुकून "अडीचचा द्या" म्हणालो.

रंग. माझ्या ओळखीचा एक पोरगा बुलेटच्या टाक्या रंगवतो. त्याला म्हटलं सनबर्स्ट पाहिजे, मधे पिवळा, मग लाल, कडेला काळा. तो म्हणाला, "ड्युको मारू ना?" मी हसायलाच लागलो. ड्युको हे अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या मोटारीच्या रंगाचं नाव. फेंडरचे ते प्रसिद्ध रंगीत बेस आणि गिटार ड्युपाँटच्या मोटारीच्या रंगांनीच रंगवलेले असायचे, ड्युको आणि ल्यूसाइट. आपल्याकडं कंपनी कुठलीही असो, फवारणी केली की ड्युको मारला. टाकीवाल्याला मी हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, कडेच्या काळ्यावर सोनेरी पट्टा मारू का, बाराशेतच करतो. नको म्हटलं. मनापासून वाईट वाटलं त्याला.

पहिल्यांदा ॲम्प लावला ती वेळ रात्री साडेअकराची. दोन बाजूंचे माग चालू होते. दुकानात ट्यूबलाइट, चार्जर, सगळं चालू ठेवलं मुद्दाम. जॅक लावला, आवाज वाढवला. गुणगुण नाही. पोरगा म्हणाला, बंद आहे वाटतं. मी जाड तार एका बोटानं ओढली. 41 हर्ट्झ. फळीवरचे वॉशरचे डबे एकदम बोलायला लागले, आणि सेकंदभरानं शटर.

फोम घालायचा राहिला होता. बायकोनं भांडी घासायचा नवा स्पंज आणून दिला, शेवयांचा डबा विसरून. अर्धा कापून ब्रिजच्या झाकणाखाली दाबला. परत ओढली. 'धुप्.'

बेसचं वजन 4.1 किलो भरलं, पोस्टाच्या काट्यावर नाही, आमच्या तांब्याच्या भंगाराच्या काट्यावर. खर्च साडेअकरा हजार, त्यात तारांचेच साडेतीन. तून, हेद, फ्रेटची तार, खुंट्या, रंग, बाकी सगळं धरून. फुकट गेलेली नेक आणि 42 नंबरची तार धरली तर बारा.

मिरजेला घेऊन गेलो. बारीक तारेवर सातव्या फ्रेटला अजून जरा झर्र होतं, ते कसं काढावं हे विचारायचं होतं. त्यांनी बेस मांडीवर आडवा घेतला, सतारीसारखा, आणि तिथंच वाजवत राहिले. कान जवळ नेला. आयुष्यभर त्यांनी घोडीवर कानस चालवून तारेला असंच बोलतं केलंय. तारेची ही झर्र, म्हणजे जवारी, काढायचे हजारो रुपये लोक देतात. "ही काढताय?" म्हणाले. "आपोआप आलीय ती. राहू द्या." मी राहू दिलं नाही, घरी येऊन आठवा फ्रेट केसभर घासला. झर्र गेलं. त्यांना सांगितलेलं नाही.

घरी आईला दाखवला. ती ब्याऐंशीची आहे, तिला दिसतं कमी. तिनं बॉडीवरून हात फिरवला नाही, हायलमवरून नाही, सरळ फ्रेटबोर्डवर नेला आणि दोन फ्रेटांच्या मधे बोट ठेवून घासलं.

"हे आत्यांच्या पलंगाचं."

हो म्हटलं. एका बाजूची पट्टी होती.

"आणि दुसऱ्या बाजूची?"

माळ्यावर आहे.